न बोललेला उत्तरार्ध : कँटोनीज म्हणी आणि त्यांचा वापर

मराठी माणूस बोलता बोलता 'आधीच उल्हास' एवढेच म्हणतो आणि थांबतो. फाल्गुन मासाचा उच्चार करण्याची त्याला गरज वाटत नाही, ऐकणाऱ्यालाही त्याची उणीव भासत नाही. 'कानामागून आली', 'उचलली जीभ', 'नाचता येईना' यांचेही तेच. उत्तरार्ध दोघांनाही ठाऊक असतो म्हणूनच तो गाळता येतो. आणि एखाद्याने तो आवर्जून पूर्ण म्हटलाच, तर हे गृहस्थ म्हणी पुस्तकातून पाठ करून आलेले दिसतात, अशी शंका येते. आपल्याकडे ही बोलण्याची एक लकब आहे. चिनी भाषांत मात्र या लकबीचा एक स्वतंत्र प्रकारच झालेला आहे. कँटोनीज भाषेत त्याला 'हित् हौ यू' म्हणतात. शब्दशः अर्थ असा की, ज्याचा उत्तरभाग विसावला आहे असे बोलणे. हे नाव जुने आहे. तांग राजवटीच्या उत्तरकाळात एका मंत्र्याच्या, ओळींची शेपटे तोडणाऱ्या पद्यशैलीला हेच नाव मिळाले होते. पुढे ते बाजारात आणि चहाच्या दुकानांत उतरले.

कँटोनीज ही क्वांगचौ (जुने कँटन), हाँगकाँग आणि मकाव या परिसराची भाषा. तिच्या बोलण्यातील ठेव्याचे ढोबळमानाने तीन थर करता येतात. पहिला 'सिंग यू'. ही बहुधा चार अक्षरांची, प्राचीन ग्रंथांतून आलेली आणि सर्व चिनी भाषांना समाईक असलेली सूत्रे. मराठीत 'काकतालीय न्याय' किंवा 'अंधगजन्याय' यांचे जे स्थान, तेच साधारण यांचे. दुसरा थर 'सुक् यू', म्हणजे लोकांच्या तोंडची म्हण आणि वाक्प्रचार. तिसरा हा अर्धा बोलायचा 'हित् हौ यू'. परकीय विद्यार्थ्याला पहिला थर सर्वांत सोपा जातो, कारण तो छापील असतो, त्याचे कोश असतात. परिणामी तो मासळीबाजारात न्यायसूत्रे बोलू लागतो. चूक काहीच नसते, फक्त माणसे हसतात. उरलेल्या दोन थरांसाठी कोश अपुरा पडतो. तेथे वाक्प्रचाराच्या पाठीमागचा इतिहास माहीत असावा लागतो आणि त्याहून अधिक म्हणजे कोठे थांबायचे हे कळावे लागते.

ही भाषा शिकणे एके काळी प्राणावर बेतणारे होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीचा दुभाषी जेम्स फ्लिंट याने १७५९ साली कँटनमधील व्यापाराच्या तक्रारी थेट बादशहाच्या कानी घालण्यासाठी उत्तरेकडे प्रवास केला. त्याबद्दल त्याला मकावला तीन वर्षे कैद भोगावी लागली. पण अर्जाची चिनी भाषा ज्याने नीट करून दिली त्या ल्यू या-प्येन या त्याच्या शिक्षकाचा शिरच्छेद झाला. त्यानंतर परकीयांना चिनी शिकवणे हा गुन्हाच ठरला. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन जाणारे पारशी व्यापारी असोत की लंडनचे इंग्रज, सर्वांनी कँटनच्या वखारीत मोडक्यातोडक्या 'पिजिन' इंग्रजीवर भागवले. १८०७ मध्ये रॉबर्ट मॉरिसन हा मिशनरी तेथे पोचला तेव्हाही हीच स्थिती होती.

नेमक्या याच काळात, ही भाषा चीनबाहेर बसून शिकण्याचा एक उद्योग बंगालमधील श्रीरामपुरात चालला होता. मराठीच्या अभ्यासकांना श्रीरामपूर परिचयाचे आहे. विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथे छापले गेले. कॅरेचा सहकारी जोशुआ मार्शमन याने मकावमध्ये वाढलेल्या लासार नावाच्या आर्मेनियन गृहस्थाच्या मदतीने चिनीचा अभ्यास केला आणि १८१४ साली तेथूनच 'क्लाव्हिस सिनिका' हे चिनी व्याकरण काढले. मराठीचे आणि चिनीचे आरंभीचे मुद्रित व्याकरण एकाच छापखान्याच्या आवारातले, हा योगायोग आपल्या वाङ्मयेतिहासांत सहसा नोंदला जात नाही. असो. लोकांच्या तोंडच्या कँटोनीजकडे वळला तो मॉरिसनच. १८२८ मध्ये कंपनीच्या मकाव येथील छापखान्यातून त्याचा कँटनी बोलीचा शब्दसंग्रह निघाला. १८४१ साली ब्रिजमनची जाडजूड पाठमाला आली, १८८३ साली डायर बॉलचे 'कँटोनीज मेड ईझी'. या सर्वांनी उच्चार रोमन लिपीत पकडण्याची मोठी खटपट केली. कँटोनीजमध्ये क आणि ख, त आणि थ, च आणि छ यांचे भेद अर्थ बदलतात, ग आणि द मात्र नाहीत. रोमन लिपीला हे दाखवताना कसरत करावी लागते. देवनागरी वाचणाऱ्याला ते घरचेच आहे. सहा सूर मात्र आपल्यालाही कष्टानेच साधावे लागतात.

आता प्रत्यक्ष वाक्प्रचारांकडे वळू. 'छाउ याउ यू' याचा शब्दार्थ माकूळ परतणे. अर्थ, नोकरीवरून काढून टाकणे. माकळाच्या तुकड्याला तव्यावर आच लागली की तो कडेने वळत जाऊन गुंडाळी होतो. जुन्या कँटन-हाँगकाँगच्या दुकानांत नोकर मालकाकडेच जेवत आणि तेथेच झोपत. अंथरूण मात्र आपापले आणत. नोकरी सुटली की त्या अंथरुणाची वळकटी करून बाहेर पडायचे. 'तुला काढले' हे तोंडावर म्हणणे कठोर, म्हणून वळकटीचे नाव आणि वळकटीचेही नाव नको म्हणून माकळाचे. मराठीत आपण 'गाशा गुंडाळला' म्हणतो तेव्हा गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचे आच्छादन हे कोणाला आठवत नाही. तेथे दुकानी नोकराचे अंथरूण, इथे स्वाराचे खोगीर. कोणत्या समाजात कोणाचे स्थलांतर नित्याचे होते, हे या दोन गुंडाळ्यांतून दिसते. आशयाने मात्र त्याला अधिक जवळचा आपला 'नारळ देणे', कारण तेथेही कटू गोष्ट शुभ वस्तूआड झाकलेली आहे.

हा वाक्प्रचार वापरताना नवशिका हमखास अडखळतो तो त्याच्या रचनेत. तो अखंड क्रियापद समजून माणसाचे नाव शेवटी जोडतो. कँटोनीज मनुष्य मात्र नाव मधोमध घालतो: 'छाउ खोय याउ यू', म्हणजे 'त्याचे माकूळ परतणे'. आपण 'त्याच्या तोंडाला पाने पुसली' म्हणताना 'त्याच्या' हा शब्द जसा आत घेतो, तसेच. हे एकदा उमगले की पुढची गंमतही करता येते. नोकरानेच राजीनामा तोंडावर फेकला तर त्याने मालकाचे माकूळ परतले! पण नुसत्या 'छाउ' या क्रियापदावर विसंबू नये. 'घर परतणे' म्हणजे घराच्या किमतींवर सट्टा खेळणे. हाँगकाँगमध्ये दोन्ही प्रकारचे परतणे भरपूर चालते. आज हा वाक्प्रचार मँडरिनमध्ये जाऊन चीनभर पसरला आहे, आणि तेथे वळकटी कोणाला ठाऊक असेलच असे नाही.

खाण्याचेही असेच. आपण मार खातो, भाव खातो, बोलणी खातो, गटांगळ्या खातो. कँटोनीज मनुष्य न केलेल्या अपराधाचा दोष माथी आला की 'मेलेले मांजर खातो'. प्रेमात नकार मिळाला की लिंबू खातो. आणि 'वाडग्यातले खाऊन वाडग्याचा तळ उलटणे' म्हणजे आपले 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे'. यातील 'सिक्' हे खाण्याचे क्रियापद प्राचीन चिनीतले आहे. मँडरिनने ते रोजच्या बोलण्यातून टाकून दिले, कँटोनीजने राखले.

काही वाक्प्रचार मात्र हसत हसत उच्चारता येतात ते केवळ मूळ विसरल्यामुळे. 'माय च्यू चय' म्हणजे डुकराची पिले विकणे. मिनीबसच्या चालकाने आपले उतारू वाटेत दुसऱ्या गाडीत लोटून दिले की ते म्हणतात, आम्हाला पिलांसारखे विकले. १८४७ ते १८७४ या काळात दक्षिण चीनमधून करारबद्ध मजूर क्यूबा आणि पेरूकडे पाठवले गेले. एकट्या क्यूबात सव्वा लाखाच्या आसपास माणसे उतरली. वाटेत मेलेली वेगळी. मकावच्या ज्या कोठारांत त्यांना जहाज भरेपर्यंत कोंडून ठेवत त्यांना लोक पिलांची घरे म्हणत. १८७४ साली मकावचा हा व्यापार बंद झाला, शब्द राहिला. १९२३ मध्ये छाव खुन याने संसद सदस्यांना पैसे चारून चीनचे अध्यक्षपद मिळवले, तेव्हा त्या सदस्यांना 'पिले' हेच नाव पडले. आपल्याकडे अशा प्रसंगी घोडेबाजार भरतो, तिकडे डुकरांचा. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वाट्याला आलेला 'गिरमिट' हा शब्द त्याच शतकाचा आणि त्याच व्यवहाराचा. पण आपल्याकडे त्याचा रोजच्या थट्टेचा वाक्प्रचार झाला नाही.

अर्ध्या म्हणींपैकी जिच्याकडे भारतीय वाचकाने थांबून पाहावे अशी एक म्हणजे 'पो लो कय', अर्थात पोलोची कोंबडी. क्वांगचौजवळ नदीकाठी दक्षिणसागराच्या देवाचे मंदिर आहे. त्याची स्थापना इ.स. ५९४ ची. लोक त्याला पोलोचे मंदिर म्हणतात. दंतकथा अशी की तांग काळात भारतातून आलेल्या एका दूताने या मंदिराच्या आवारात आपल्याबरोबर आणलेली फणसाची रोपे लावली, त्या नादात त्याचे जहाज सुटले, आणि कपाळावर आडवा हात धरून समुद्राकडे पाहत तो तेथेच मरण पावला. त्याची मूर्ती त्याच अवस्थेत उभी आहे. फणसाचे चिनी नाव ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी बौद्ध ग्रंथांत 'पारमिता' हा शब्द लिहिला जातो. या मंदिराच्या जत्रेत कागदाच्या लगद्याचे, वर खरी पिसे खळीने चिकटवलेले कोंबडे विकतात. तोच हा पोलोचा कोंबडा. म्हणीचा उत्तरार्ध 'खाउ छी', म्हणजे 'सारा भर चिकटण्यावर'. 'छी' म्हणजे चिकटणे आणि लक्षणेने दुसऱ्याच्या पानावर जेवणे. तेव्हा फुकट्या मित्राला 'पोलोचा कोंबडा' एवढेच म्हणायचे. उत्तरार्ध उच्चारला की थट्टेचा अपमान होतो.

हा मर्यादाभंग काय असतो ते सांगण्यासाठी कँटोनीजमध्येच एक वाक्प्रचार आहे: 'बाहुली काढताना आतडी काढायची नसतात.' अतिस्पष्ट बोलण्याला इतके नेमके नाव आपल्या काव्यशास्त्रातही नसेल. ध्वनी आणि व्यंग्य यांवर आपण वर्गात तासन्तास बोलतो, तेव्हा फळ्यावर ही बाहुली काढायला हरकत नाही.

उत्तरार्ध माहीतच नसला तर काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण १९७० चे आहे. एडगर स्नो या अमेरिकी पत्रकाराशी बोलताना माओने स्वतःला 'छत्री घेतलेला भिक्षू' म्हटले. ही म्हण चीनभर आहे. कँटोनीजमध्ये 'वो स्योंग ताम चे'. उत्तरार्ध 'मोउ फात्, मोउ थिन्': डोक्यावर केस नाहीत, छत्रीमुळे आकाशही नाही. केस आणि कायदा हे दोन्ही शब्द 'फात्', म्हणून कोटी अशी की याला कायदा नाही आणि वर आकाशातला देवही नाही. माओ म्हणत होता, मी कोणाला जुमानत नाही. स्नोच्या १९७१ च्या लेखात मात्र गळकी छत्री घेऊन एकटाच जगभर हिंडणारा एक उदास भिक्षू अवतरला. बंडखोराचा विरक्त झाला, आणि ही विरक्त प्रतिमा पाश्चात्त्य लेखनात बराच काळ फिरत राहिली. जाता जाता नोंदवण्यासारखे म्हणजे, मँडरिनमध्ये केस आणि कायदा यांच्या सुरांत फरक पडतो. कँटोनीजमध्ये दोन्ही तंतोतंत एक आहेत. कोटी दक्षिणेत अधिक चपखल बसते.

अशुभ टाळण्यासाठी शब्द पालटण्याची रीतही या ध्वनिसाम्यावरच उभी आहे. आपण बांगडी 'फुटली' न म्हणता 'वाढवली' म्हणतो, 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. कँटोनीजमध्ये रिकामे म्हणजे 'हुंग' आणि अमंगळ म्हणजेही 'हुंग'. म्हणून भाड्याने द्यायचे रिकामे घर जाहिरातीत 'कत्' म्हणजे 'शुभ' घर होते. हा संकेत ठाऊक नसलेला भाडेकरू वास्तुशास्त्राची खात्री मिळाली असे समजेल!

यापुढची म्हण लिहिताना हात थोडा अडखळतो, पण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. 'मो लो छा पाय सन', उत्तरार्ध 'थाय थिन्'. पूर्वार्धाचा अर्थ 'मो लो शिपाई देवाची प्रार्थना करतो', उत्तरार्धाचा 'आकाशाकडे पाहतो'. भावार्थ: सारे हवेवर, नशिबावर अवलंबून. हा 'मो लो' म्हणजे आपण. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'मौरु', म्हणजे मूर या शब्दापासून आल्याचे मानतात. मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता. १८७४ साली मकावमध्ये गोव्याहून आणलेल्या हिंदी पलटणीसाठी जी इमारत बांधली, तिला आजही 'मूरांची छावणी' म्हणतात. २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मकावचे ऐतिहासिक केंद्र आले, त्यात ती आहे. हाँगकाँगमध्ये १८६० च्या दशकापासून शीख पोलीस आले, त्याआधीपासून हिंदी शिपाई आणि खलाशी होतेच. ज्या गल्लीचे इंग्रजी नाव 'लास्कर रो' आहे तिला कँटोनीज लोक 'मो लो' गल्ली म्हणतात. मुंबईच्या जहाजांवरील खलाशांत कोकणची माणसे मोठ्या संख्येने असत, तेव्हा त्या गल्लीच्या नावात त्यांचाही वाटा असणारच. मूर्तीपुढे वाकणाऱ्या गावाने मूर्तीशिवाय प्रार्थना करणारा परका पाहिला आणि त्याची म्हण केली. एवढ्यावर ते निरागस कुतूहल म्हणता आले असते. पण 'मो लो छा' आणि त्याचे आखूड रूप 'आ छा' हे पुढे दक्षिण आशियाई माणसाला हिणवण्याचे शब्द झाले, आणि आज हाँगकाँगमध्ये वाढलेल्या, कँटोनीज अस्खलित बोलणाऱ्या भारतीय वा पाकिस्तानी मुलांना ते ऐकून घ्यावे लागतात. मराठी म्हणींच्या संग्रहांतील जातिवाचक म्हणी शिकवताना आपली जी पंचाईत होते ती हीच. माझे मत स्पष्ट आहे. अशी म्हण समजलीच पाहिजे, संग्रहातून वगळता कामा नये, पण तोंडात घेऊ नये. 'बरोबर वापर' या शब्दांत न वापरण्याचाही समावेश होतो.

या साऱ्या ठेव्याकडे लोक अलीकडे एकदम भावुक होऊन का पाहू लागले, त्याचे कारण राजकीय आहे. जुलै २०१० मध्ये क्वांगचौच्या दूरचित्रवाणीने मँडरिनकडे वळावे अशी सूचना पुढे आली आणि तिच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. २०१४ च्या आरंभी हाँगकाँगच्या शिक्षण खात्याने कँटोनीज ही अधिकृत भाषा नसल्याचे लिहिले आणि ओरड झाल्यावर तो मजकूर मागे घेतला. त्याच सुमारास आ तो या टोपणनावाच्या तरुण व्यंग्यचित्रकाराने एकाच चित्रात ८१ कँटोनीज म्हणी काढल्या. त्याला आधार होता पीटर ब्रॉयगेल याच्या १५५९ सालच्या नेदरलँडी म्हणींच्या चित्राचा. ते चित्र हातोहात पसरले, आणि प्रौढ माणसे त्यात म्हणी शोधत बसली. चित्राला म्हणीचा पूर्वार्धच काढता येतो, अर्थ पाहणाऱ्याने आपल्या जिभेवरून आणायचा. आ तोने ही खुबी नेमकी हेरली होती. २०२३ साली कँटोनीजच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या निबंधस्पर्धेतील कथेवरून राष्ट्रीय सुरक्षा पोलिसांनी विचारणा केली, आणि ती संस्था बंद करत असल्याचे तिच्या संस्थापकाने जाहीर केले.

हाँगकाँगमध्ये आजही दहांपैकी सुमारे नऊ माणसे घरी कँटोनीजच बोलतात, तेव्हा भाषा उद्याच नाहीशी होणार असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण अनेक प्राथमिक शाळांत चिनी भाषेचा विषय मँडरिनमधून शिकवला जातो. अक्षरे तीच राहतात, उच्चार बदलतो. आणि ज्या म्हणींचा प्राण उच्चारात आहे, त्यांचे काय होते ते एका उदाहरणावरून पाहता येते. 'फो स्यू खेय कोन', ध्वजाचा खांब जळतो आहे. उत्तरार्ध 'छ्योंग थान', लांब कोळसा. खांब लांब, म्हणून कोळसाही लांब. पण कँटोनीजमध्ये 'थान' म्हणजे निवांत उपभोग घेणेही. चहा 'पिणे' वेगळे आणि चहा 'थान' करणे वेगळे. म्हणून निवृत्त होऊन सकाळभर चहाच्या दुकानात वर्तमानपत्र घेऊन बसणाऱ्या गृहस्थाला शेजारी सहज म्हणतो, 'काय, ध्वजाचा खांब जळतोय!' आणि दोघेही हसतात. या उपभोगासाठी कँटोनीज जे अक्षर लिहिते, तेच मँडरिनमध्येही आहे. उच्चारही जवळचा आहे. तेथे त्याचा अर्थ मात्र सुस्कारा.